फॉर्म्युला सोपा झाला, ताळा राहिला

२०२० सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधला करोनाबाधितांचा आकडा एकाएकी फुगला. साथ एका रात्रीत भडकली नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५ हजार ८४१ बाधित सरकारी मोजणीतून गळाले होते, ते आता एकदम जमा झाले. प्रयोगशाळांकडून येणारे चाचण्यांचे निकाल ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत ओतत होती. त्या फायलीत ६५ हजार ५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. एका रुग्णाच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने एका फायलीत जेमतेम चौदाशे रुग्ण बसत. त्यापुढचे कापले गेले आणि आठवडाभर ते कुणाच्या लक्षात आले नाही.

ज्यांची चाचणी झाली त्यांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून ‘घरी थांबा’ असे सांगणारी यंत्रणा त्या यादीवर चालत होती. यादीत नाव नाही म्हणून फोन नाही, आणि फोन नाही म्हणून ते संपर्कातले लोक कामावर, दुकानात, नातेवाइकांकडे जात राहिले. थीमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी या चुकीची किंमत मोजण्याचा प्रयत्न केला. सव्वा लाखाहून अधिक जादा संसर्ग आणि दीड हजारांहून अधिक मृत्यू, असा त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता. तो अंदाजच आहे आणि त्यावर वाद घालता येईल. पण तो निम्म्याने कमी धरला, तरी एका फायलीच्या मर्यादेपायी झालेली ही हानी लहान ठरत नाही.

बातमी फुटली तेव्हा संगणक क्षेत्रातल्या अनेकांनी कपाळावर हात मारला. एवढ्या मोठ्या कामाला एक्सेल वापरतात का, असा त्यांचा सूर होता. हा सूर समजण्यासारखा असला तरी त्यातून काही शिकायला मिळत नाही. जगभरातले रुग्णालयांचे हिशेब, औषधांचे साठे, लसीकरणाच्या याद्या, संशोधनाची आकडेमोड एक्सेलसारख्या तक्त्यांवर चालते. त्याचे कारण अडाणीपणा नव्हे. संगणकाकडून स्वतःच्या मनासारखे काम करून घेण्याचे एवढे एकच साधन सामान्य माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने पोहोचले आहे.

एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहिणे म्हणजे प्रोग्रॅमिंगच. या दोन कॉलमांतले आकडे वजा कर, उत्तर तिसऱ्यात दाखव, ते दहाच्या खाली गेले तर लाल कर, ही संगणकाला दिलेली आज्ञावली आहे. ती लिहिणारा स्वतःला प्रोग्रॅमर म्हणवत नाही, एवढाच फरक. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर स्कॅफिडी, मेरी शॉ आणि ब्रॅड मायर्स यांनी २००५ साली अमेरिकेपुरता एक अंदाज मांडला होता. २०१२पर्यंत तिथे व्यावसायिक प्रोग्रॅमर ३० लाखांहून कमी असतील, तर कामाच्या ठिकाणी तक्ते आणि डेटाबेस वापरणारे साडेपाच कोटी असतील, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्रात वेगळे चित्र असण्याचे कारण नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गांनी इथल्या लाखो लोकांना एक्सेलची पहिली ओळख करून दिली. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक वार्षिक निकालाची शीट स्वतः बनवतात आणि व्हॉट्सअॅपवरून एकमेकांना देतात. पतसंस्थेतला कारकून व्याजाचा तक्ता बांधतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणीतरी बाळांच्या लसींची यादी ठेवते. हे सगळे बिनबिल्ल्याचे प्रोग्रॅमर. त्यांचे काम सोपे करायचे म्हणजे नेमके काय सोपे करायचे, हा प्रश्न सुटलेला नाही, आणि त्याचे चुकीचे उत्तर साठ वर्षे पुन्हा पुन्हा दिले गेले आहे.

ते उत्तर असे, की भाषा सोपी करा म्हणजे झाले. १९५९ साली आकाराला आलेल्या कोबोलमध्ये आज्ञा इंग्रजी वाक्यांसारख्या ठेवल्या गेल्या. त्यामागे ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाची प्रेरणा होती, आणि धंद्यातल्या माणसाला प्रोग्रॅम वाचता यावा अशी अपेक्षा होती. १९६४ साली डार्टमाउथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक आणली, ती विज्ञानाच्या वाटेला न जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी पुढे, बेसिक शिकलेल्यांची डोकी कायमची बिघडतात अशा आशयाचा शेरा मारला. तो उर्मट होता आणि खोटाही ठरला. बेसिकवर हात बसलेल्या पोरांनीच पुढची संगणक क्रांती केली. पण या सगळ्या खटाटोपात एक गृहीतक होते: अडचण शब्दांची आहे.

शब्दांची अडचण असतेच, हे खरे. आंद्रेयास स्टेफिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्यांपैकी काहींना पर्ल ही नावाजलेली भाषा दिली आणि काहींना अशी भाषा दिली, जिच्यातली चिन्हे यदृच्छेने, जणू चिठ्ठ्या टाकून ठरवली होती. पर्लवाले त्या चिठ्ठ्यांच्या भाषेवाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांच्या वाट्याला हा त्रास दुप्पट येतो. नेदरलँड्समधल्या फेलिन हेरमान्स यांनी २०२०मध्ये मुलांसाठी ‘हेडी’ ही भाषा सुरू केली. तिच्यात आज्ञांचे शब्द हिंदीसह अनेक भाषांत लिहिता येतात आणि नियम एकेक पायरीने वाढत जातात. मराठीत असे काम नेटाने व्हायला हवे, यात वाद नाही.

पण शब्द कळले तरी नवखा अडतो, तो दुसऱ्याच ठिकाणी. रॉय पी या अमेरिकी शिक्षणशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या चुकांचा अभ्यास मांडला. भाषा कोणतीही असो, चुकांच्या मुळाशी एकच समजूत सापडते, असे त्याचे म्हणणे. यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसले आहे आणि ‘आपल्याला काय म्हणायचे आहे’ ते त्याला कळेल, ही ती समजूत. तिला त्याने ‘सुपरबग’ म्हटले. मोलकरणीला ‘तेवढे आवरून ठेव’ म्हटले की ती काय आवरायचे ते ओळखते. संगणक ओळखत नाही, तो फक्त सांगितलेले करतो. त्यामुळे नवख्याला जे हवे असते ते आज्ञांच्या सुलभ शब्दांपेक्षा वेगळे असते. यंत्र या क्षणी काय करत आहे, त्याने काय समजून घेतले आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवे.

१९७९ साली ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले. डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत, एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहीत. फळाच स्वतः बदलला तर, असे ब्रिकलिनच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने ‘व्हिसिकॅल्क’ तयार केले, आणि अॅपल-२ हा छोटा संगणक हिशेबनीस त्यासाठी विकत घेऊ लागले. त्याला कुणी प्रोग्रॅमिंग म्हटले नाही, आणि बहुधा म्हणूनच लोक घाबरले नाहीत. आकडा बदला, परिणाम तिथल्या तिथे दिसतो. चुकले तर पुन्हा बदला. लोटस १-२-३ आणि एक्सेल याच कल्पनेची लेकरे.

मग १५ हजार ८४१ माणसे गळाली कशी? याचे कारण व्हिसिकॅल्कपासूनच त्या कल्पनेत अर्धवट राहिलेले आहे. तक्ता उत्तर दाखवतो आणि रीत लपवतो. गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात; एक्सेलच्या शीटवर मात्र नुसती उत्तरेच उत्तरे असतात. प्रत्येक फॉर्म्युला आपापल्या सेलच्या मागे बसलेला, एका वेळी एकच पाहता येणारा. बेरीज शंभराव्या ओळीपर्यंत लिहिली होती आणि नंतर यादी एकशे वीसपर्यंत वाढली, तरी बेरीज तितक्याच दिमाखात चमकते. आयबीएममधल्या पॉली ब्राउन आणि जॉन गूल्ड यांनी १९८७ साली नऊ अनुभवी लोकांना प्रत्येकी तीन शीट बनवायला दिल्या. ४४ टक्के शीटमध्ये चुका निघाल्या. हे करणारे नवशिके नव्हते, आणि आपले काम बरोबर आहे अशी त्यांना बऱ्यापैकी खात्री होती. या प्रयोगातली ही खात्री चुकांच्या टक्केवारीपेक्षा जास्त काळजी करण्यासारखी आहे.

रीत लपवण्याहून वाईट खोड म्हणजे गुपचूप अंदाज बांधणे. एक्सेलला वाटते, की वापरणाऱ्याच्या मनातले त्याला कळते. जनुकशास्त्रज्ञांनी याची शिक्षा बरीच वर्षे भोगली. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी संक्षिप्त नावे असलेली जनुके मानवी शरीरात आहेत. ती शीटमध्ये टाकली की एक्सेल त्यांना १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकते. २००४ सालीच हा घोळ नोंदवला गेला होता. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या मार्क झिमन आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंधांना जोडलेल्या एक्सेल फायली तपासल्या, तेव्हा जनुकांच्या याद्या असलेल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या निबंधांत अशा चुका सापडल्या. शेवटी २०२०मध्ये जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलली. माणसाच्या जनुकाने एका सॉफ्टवेअरपुढे हार मानावी, ही विज्ञानाच्या इतिहासातली तशी ओशाळवाणीच नोंद. आपोआप होणारे हे बदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ साली आली.

जनुके लांबची वाटत असतील तर बाळांची यादी घ्यावी. समजा, एखाद्या आरोग्य केंद्रातला संगणक अमेरिकी तारीख-पद्धतीवर राहिला आहे. परिचारिकेने जन्मतारीख ०५/०६ अशी भरली, म्हणजे ५ जून. संगणकाने ती ६ मे समजली. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस सहा आठवड्यांनी, म्हणून तिने ४२ दिवस मिळवणारा फॉर्म्युला लिहिला. तो अचूक आहे. पण उत्तर १७ जुलैऐवजी १७ जून आले, आणि त्या दिवशी बाळ अवघे बारा दिवसांचे असेल. गंमत पुढे आहे. त्याच यादीतली १३/०६ ही तारीख संगणकाला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती तो नुसता मजकूर म्हणून ठेवून देतो. त्या बाळाची तारीख निघत नाही. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही तारखा बरोबर दिसून चुकीच्या, काही मुक्या. बारा दिवसांच्या बाळाला लस द्यायला अनुभवी परिचारिका धजणार नाही, ही गोष्ट वेगळी. मुक्या तारखेचे बाळ मात्र यादीतून सहज निसटू शकते. सोळा आकडी बँक खात्याचा क्रमांक संख्या म्हणून भरला, तर एक्सेल पंधरा आकडे जपते आणि शेवटच्या जागी शून्य ठेवते. अनुदानाच्या याद्या हाताळणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवे असते. बहुतेकांना ते पैसे परत आल्यावर कळते.

यावर उपाय माहीत नाहीत असेही नाही. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या मार्गारेट बर्नेट आणि त्यांच्या गटाने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून यावर काम केले. त्यांच्या प्रायोगिक तक्त्यात फॉर्म्युला असलेली प्रत्येक चौकट आधी लाल कडेची असे. वापरणाऱ्याने एखादे उत्तर हाताने पडताळून बरोबर वाटले की तिथे खूण करायची. मग त्या उत्तरामागे जे जे फॉर्म्युले वापरले गेले त्यांच्या कडा जांभळ्याकडून निळ्याकडे सरकत. कुठे तपासून झाले आणि कुठे नाही, हे नकाशासारखे डोळ्यांपुढे. त्यासाठी ‘टेस्टिंग’ हा शब्दही माहीत असण्याची गरज नव्हती, आणि प्रयोगांत या सोयीने लोकांची पडताळणी सुधारलेली दिसली. पाव शतक उलटले. रोजच्या वापरातल्या तक्त्यांत आज शेकडो रंगसंगती आहेत, तरत-हेचे आलेख आहेत, पण तपासलेले निळे आणि न तपासलेले लाल एवढी साधी सोय नाही. सोपेपणा म्हणजे चटकन बनवता येणे, असा अर्थ लावून सगळा उद्योग त्याच दिशेने गेला.

आता तर ती दिशा टोकाला पोहोचली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला मराठीत नुसते सांगायचे, ‘या यादीतून सहा आठवडे पूर्ण झालेली, पण पहिला डोस न घेतलेली बाळे शोधून दे’, की ते प्रोग्रॅम लिहून देते, चालवूनही दाखवते. कोबोलच्या निर्मात्यांना जे हवे होते ते इतके पुरेपूर मिळेल असे त्यांना वाटले नसते. आंद्रे कार्पथी या संगणकतज्ज्ञाने फेब्रुवारी २०२५मध्ये या प्रकाराला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले: आतला कोड वाचायचाच नाही, सांगत जायचे आणि पुढे जायचे. ज्यांना आजवर कुणीच प्रोग्रॅम लिहून दिला नसता, अशांच्या हाती ही ताकद येते आहे, आणि त्याला नाके मुरडणारे डायक्स्ट्रांचीच चूक करत आहेत.

पण रॉय पीची ती मुले आठवावीत. यंत्राच्या आत समजूतदार कुणी बसले आहे, ही त्यांची चूक होती. आता ती बरीचशी खरी झाली आहे. यंत्र खरोखर मनातले ओळखू पाहते आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखते. त्यामुळे ज्या वेळी ओळखत नाही, ती वेळ पकडणे अवघड झाले. वरच्या यादीतल्या १३/०६च्या बाळाचे त्या नव्या प्रोग्रॅमने काय केले? तारीख दुरुस्त केली, वगळले, की आजची तारीख धरली? उत्तर म्हणून सत्तावीस नावे येतात. ती अठ्ठावीस असायला हवी होती का, हे त्या सत्तावीस नावांकडे पाहून कळत नाही. इंग्लंडमध्येही यादी व्यवस्थितच दिसत होती.

व्यावसायिक प्रोग्रॅमरही चुकतात, मग सामान्यांकडून एवढी अपेक्षा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. व्यावसायिक चुकतात, पण त्यांच्याभोवती राखण असते. एकाचा कोड दुसरा वाचतो, चाचण्या आपोआप चालतात, जुनी आवृत्ती जपलेली असते. शिक्षकाच्या निकालाच्या शीटभोवती काय असते? ‘निकाल फायनल’, ‘निकाल फायनल नवीन’ आणि ‘निकाल फायनल नवीन २’ अशा तीन फायली, आणि त्यातली खरी कोणती हे विचारायला फोन. ही राखण तक्त्यातच बांधून देणे सॉफ्टवेअर कंपन्यांना अशक्य नाही. ओळी मावत नसतील तर काम थांबवायचे, अंदाज बांधला असेल तर तो रंगवून दाखवायचा, वगळलेल्यांची संख्या उत्तराच्या शेजारीच लिहायची. सरकारी खाती सॉफ्टवेअर मोठ्या संख्येने विकत घेतात. निविदेत ही अट घातली, तर ती पुरवली जाईल.

तोवर शिकवण्यात तरी बदल करता येईल. पूर्वी शाळेत गुणाकार सोडवला की ताळा करून पाहावा लागे. ताळा जुळला नाही तर उत्तर मास्तरांकडे न्यायचेच नाही. संगणकाच्या वर्गात बेरीज, सरासरी, आलेख शिकवले जातात. त्यात ताळ्याचा एक तास घालायला वेगळा निधी लागत नाही. आलेल्या नोंदी किती, हिशेबात धरलेल्या किती, वगळलेल्या किती, आणि पहिल्या दोहोंतला फरक तिसरीइतका येतो का, एवढेच पाहायचे. उत्तर आधीच माहीत असलेली पाच बाळे यादीत मुद्दाम घालायची: एक आज सहा आठवडे पूर्ण करणारे, एक कालच पूर्ण केलेले, एक जन्मतारीख कोरी असलेले, एक तेरा तारखेचे, एक डोस घेऊन झालेले. मग प्रोग्रॅम चालवायचा, तो स्वतः लिहिलेला असो की यंत्राकडून लिहून घेतलेला. त्या पाचांचे उत्तर चुकले, तर उरलेल्या पाचशेंची यादी आशाताईंच्या हाती द्यायची नाही. हे ठरवायला परिचारिकेला कोडची एक ओळही वाचावी लागत नाही; बाळे तिला त्या यंत्रापेक्षा जास्त माहीत असतात.